बुरूज पडायलाच हवा होता का

मंगळवार, १४ नोव्हेंबर १९७८, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतल्या नोंदवहीत वहिनीच्या नावापुढे मी ‘एकास चौसष्ट’ असे लिहिले आणि पेनला टोपण लावले. साधारण त्याच वेळी, तपासणीसाठी आलेली वहिनी अजून परतायची असताना, तिथून दोन मैलांवर, नालवाडीच्या सूतकताई केंद्रातल्या बायकांनी बहुमताने ठरवले की चालू कादंबरीचे शेवटचे प्रकरण वहिनीसमोर वाचायचे नाही. पोटुशी बाईने दुःखाचे ऐकू नये, ऐकले तर ते पोटातल्या जिवाला लागते, असा त्यांचा समज होता. संध्याकाळी तो निर्णय माझ्या कानावर आला तेव्हा मी हसले. मी तेवीस वर्षांची होते, रसायनशास्त्राच्या परीक्षेत विद्यापीठात दुसरी आले होते, पुण्याच्या एका संशोधन संस्थेत जागेसाठी अर्ज केला होता, आणि कारण कशाला म्हणायचे हे आमच्या वस्तीत फक्त मलाच समजते अशी माझी खात्री होती.

आकड्याचा अर्थ आधी सांगते. वहिनीचे रक्त आरएच निगेटिव्ह होते आणि माझ्या भावाचे पॉझिटिव्ह. अशा जोडप्याचे मूल बापावर गेले, तर पहिल्या बाळंतपणात त्याचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळते आणि आईचे शरीर त्या परक्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू लागते. पहिले मूल सुटते. पुढच्या गरोदरपणात ती प्रतिपिंडे वारेतून पलीकडे जातात आणि पोटातल्या मुलाच्या रक्तपेशी फोडत राहतात. वहिनीची थोरली मुलगी सहा वर्षांची, धडधाकट होती. तिच्या पाठचा मुलगा पिवळा पडून आठवड्याच्या आत गेला. त्यानंतरचे पोटातच गेले. हे चौथे. पहिल्या बाळंतपणानंतर लगेच देण्याचे एक इंजेक्शन तेव्हा जगात निघालेले होते. परंतु आष्टीला, माहेरी, सुईणीच्या हातून झालेल्या बाळंतपणात ते कोण देणार, आणि कुणाला ठाऊक असणार?

आईच्या रक्तातला द्रव दर नळीला निम्मा पातळ करत न्यायचा आणि कितव्या नळीपर्यंत पेशींच्या गुठळ्या होतात ते पाहायचे, अशी ती तपासणी. सप्टेंबरात एकास सोळा, ऑक्टोबरातही एकास सोळा. आकडा हलत नव्हता तोवर आशेला शास्त्रशुद्ध जागा होती. माझी आई स्वतः निगेटिव्ह. म्हणजे भावाकडे पॉझिटिव्हपणा फक्त बाबांच्या बाजूने आलेला होता आणि त्याचे मूल निगेटिव्ह निपजण्याची शक्यता निम्मी होती. निगेटिव्ह मुलाला ही प्रतिपिंडे काहीही करीत नाहीत. एकास चौसष्टने ती निम्मी शक्यता जवळजवळ संपवली. आकडा अशा वेळी सहसा एकाच कारणाने चढतो: पोटातले मूल पॉझिटिव्ह आहे.

आई आणि वहिनी दोघी त्या केंद्रात कातत. पत्र्याच्या लांबट खोलीत अंबर चरख्यांच्या दोन ओळी, मध्ये चालण्यापुरती वाट. दुपारी दोन ते तीन एक जण पुस्तक वाची आणि बाकीच्या कातत कातत ऐकत. मजुरी सुताच्या गुंड्यांवर, म्हणजे मोजून गुंडाळलेल्या लडींवर, मिळे, म्हणून वाचणारीचे त्या तासाचे सूत बुडू नये यासाठी प्रत्येकीने आपल्या सुतातला थोडा वाटा तिच्या गुंडीसाठी काढून द्यायचा, असा तिथला रिवाज होता. ऐकणे असे फुकटचे नसल्यामुळे ऐकणारीला मत देण्याचा अधिकार असे. कुठले पुस्तक आणायचे, कुठली पाने गाळायची, लढाईचे वर्णन किती वेळ सहन करायचे, हे सगळे बहुमताने ठरे. एका चरित्रग्रंथाचा निकाल त्यांनी सतराव्या पानावर लावला होता.

वाचणारी माझ्या वर्गातली, बौद्ध वस्तीतली. मॅट्रिकला तिला माझ्यापेक्षा मराठीत जास्त गुण होते आणि आवाज असा, की चरख्यांच्या घरघरीवर तो सहज चढे. तिने पुस्तक आधी वाचून काढलेले होते आणि शेवट वाईट आहे हे तिनेच त्या मंगळवारी जाहीर केले. मात्र ऐकण्याने पोटातल्या मुलाला काही होते, हे तिला मान्य नव्हते. पोथी नाई हे, पुस्तक हाये, असे तिने बजावले म्हणतात. बहुमत तिच्या विरुद्ध गेले.

कादंबरी भोसल्यांच्या काळातली होती; निदान पहिल्या पानावर तसे म्हटलेले होते. एका डोंगरी किल्ल्याला वेढा पडतो. आत किल्लेदाराची मुलगी, बाहेर वेढा घालणाऱ्या फौजेच्या तोफखान्याचा तरुण सरदार. लढाईच्या आधी एका जत्रेत दोघांची गाठ पडलेली असते. तेव्हा प्रेमाच्या भरात तिने त्याला सांगितलेले असते की उत्तरेकडच्या बुरुजाच्या पायात पाणी झिरपते, तो कच्चा आहे, तिकडे पहारा फिरकत नाही, तिथे भेटू. पुढे वेढ्याच्या वेळी तोफा कुठे लावाव्यात हे ठरवण्याचे काम त्याच्याकडे येते आणि कच्चा बुरूज कोणता हे त्याला ठाऊक असते. शेवटच्या प्रकरणात तो तिला बाहेर काढण्यासाठी रात्री दोराने त्याच बुरुजावर चढतो. उजाडताच तोफा सुटणार हे दोघांना माहीत असते. वेळ पुरेसा असतो. पण ती आंधळ्या बापाच्या पाया पडायला मागे फिरते, आणि उजाडते. त्याच्याच तोफा, त्यानेच धरून दिलेल्या नेमावर, सुटतात.

पुढच्या शनिवारी त्यांनी वहिनीला ‘पाय सुजले तुह्ये, जा घरी’ म्हणून दुपारीच पिटाळले आणि ते प्रकरण वाचून घेतले. शनिवारी मला अर्धी सुटी असे, त्यामुळे मी तिथे होते. वाचणारीने पुस्तक मिटले. मग ओळीच्या टोकाला बसणाऱ्या मावशीने, केंद्रातली ती सगळ्यांत जुनी कातणारी, पहिला प्रश्न टाकला.

“तोफ त्यानंच लावली ना वं? मंग त्याले समजत नोतं, सकाळी फुटीन म्हून?”

“बाईच्या नादात माणसाले घड्याळ दिसत नाई,” आमची शेजारीण म्हणाली.

“तेव्हा घड्याळ कुठं होतं?”

“म्हून तं मेला.”

हसून झाल्यावर मावशी पुन्हा मुद्द्यावर आली. तिची तक्रार सरदाराविषयी नव्हती, लिहिणाऱ्याविषयी होती. आदल्याच पानावर किल्ल्यावर ढग जमल्याचे वर्णन होते, ते तिने नीट ध्यानात ठेवले होते.

“ढग आणले होते ना त्यानं? मंग पाडाचा होता पाऊस. दारू ओली झाली असती, तोफ फुसकी. त्याच्या बापाचं काय जात होतं?”

मी उत्तर दिले, आणि ते आजही शब्दशः आठवते, कारण मला ते फार आवडले होते. मी म्हणाले की शेवट सुखाचा आहे की दुःखाचा, हा प्रश्नच गैरलागू आहे. शेवट आधीच्या गोष्टींतून निघतो की नाही, एवढेच पाहायचे. पायातले पाणी, जत्रेतले बोलणे, तोफांचा नेम, मुलीचा बापावरचा जीव, सगळे आधी मांडलेले आहे. त्यांची बेरीज बुरूज पडण्यातच होते. पाऊस पाडला असता तर तो बाहेरून आणलेला पाऊस ठरला असता, त्या बेरजेत न बसणारा. म्हणून हा शेवट समर्थनीय आहे. आणि त्यांना पटावे म्हणून मी त्यांच्याच कामातले उदाहरण दिले: पिंजलेल्या कापसाचा पेळू जिथे विरळ असतो तिथेच धागा तुटतो, त्यात कुणाची मर्जी नसते.

“तुटला तं आमी जोडतो ना वं,” मावशी म्हणाली. “फेकून नाई देत.”

वाचणारी माझ्या बाजूने काही बोलेल असे वाटले होते. ती पुस्तकाच्या कव्हरवरची धूळ पुसत होती. आई माझ्याकडे न पाहता म्हणाली की आता हे समदे घरी काढू नको.

पुस्तक केंद्राच्या कपाटात गेले आणि कपाटाला कुलूप लागले. वहिनी चौथी शिकलेली होती, अक्षर लावून वाचू शके. म्हणूनच कुलूप. परंतु त्या बायकांकडून एक गोष्ट ठरवायची राहून गेली. वहिनीने शेवट विचारला तर काय सांगायचे, हे त्यांनी आपसांत बोलून घेतले नाही. प्रत्येकीला वाटले की आपणच तेवढ्या प्रेमळ आहोत. वहिनीने एकेकीला एकटीला गाठून विचारले, आणि प्रत्येकीने आपल्या मनाने एक गोड शेवट रचून तिला दिला.

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी आम्ही दोघी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. आई केंद्रातल्या मावशीकडे गेली होती, भाऊ आंजीला शेतावर. थोरलीने सोललेले दाणे खाऊन टाकू नयेत म्हणून वहिनीने तिला एक वेगळी वाटी दिली होती आणि ती पायरीवर बसून तीच खात होती.

“मावशी म्हणते, ते दोघं बऱ्हाणपुराले पळून गेले,” वहिनी एकदम म्हणाली. “वाचनारी म्हणते, तह झाला अन् लगन लागलं. शेजारीन म्हणते, राजानं त्यायले जहागीर देल्ली. आत्याबाई तं म्हणतात, त्यायले दोन पोरं झाले.”

आत्याबाई म्हणजे तिची सासू, माझी आई. वाचणारीनेही तह लावून दिला होता याचे मला आश्चर्य वाटले.

“खरं असतं तं चौघीयनं एकच सांगितलं असतं. अन् तुमी तं काईच नाई सांगितलं, बाई.” तिने हातातली शेंग संपवली. “मेले ना?”

“हो.”

“दोघंबी?”

“दोघंबी.”

“सांगा मंग. समदं सांगा.”

मी सांगितले. काही वगळले नाही, काही वाढवले नाही. ती मध्ये एकदाच बोलली, मुलगी मागे कायले गेली हे विचारायला. बापाच्या पाया पडायला, असे सांगितल्यावर तिने मान हलवली, जणू तिला ते अपेक्षितच होते. सगळे ऐकून झाल्यावर ती शेंगा सोलत राहिली. मला वाटले की ती रडेल. ती रडली नाही.

“पटते,” ती म्हणाली. “पन बरोबर नाई.”

या दोहोंत फरक काय, असे मी तिला विचारले. माझ्या दृष्टीने पटणे हेच बरोबर असणे होते.

“तिनं बुरूज सांगितला, त्यानं तोफ लावली, ती मागं गेली. समदं पटते. पन त्यात तिचं चुकलं काय, ते सांगा.”

मी म्हणाले की शेवट म्हणजे शिक्षा नव्हे.

“शिक्षा नाई, तं मारलं कायले?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर होते, म्हणजे वाक्य होते. ते तिच्यासमोर उच्चारावे असे मला वाटले नाही. वहिनीने सुपातले दाणे एका बाजूला ओढले.

“आता दुसरं सांगा. नळीत काय आलं?”

आदल्या आठवड्यात एकास दोनशे छप्पन्न आले होते. मी तिला तो आकडा सांगितला आणि त्याचा अर्थही सांगितला. मूल पॉझिटिव्ह आहे, त्याचे रक्त फुटत आहे, दिवस भरण्याची वाट न पाहता डॉक्टर जानेवारीच्या सुरुवातीला बाळंतपण करवतील, आणि जन्मल्याबरोबर बाळाचे रक्त थोडे थोडे काढून दुसरे घालावे लागेल. त्यासाठी ओ निगेटिव्ह रक्त हवे, आणि ते आपल्याकडे फार थोड्यांचे असते. कारणांची साखळी पुन्हा एकदा नीट मांडून द्यावी म्हणून मी पहिल्या बाळंतपणापासून सुरुवात केली, तेव्हा तिने मला थांबवले.

“पटाजोगं सांगू नोका, बाई. कराचं काय तेवढं सांगा.”

ते ऐकून प्रथमच मला कळले की ती घाबरलेली होती आणि बरेच दिवसांपासून घाबरलेली होती. दोन मुले गेलेली बाई शेवटाचा प्रश्न केवळ कुतूहलाने विचारत नव्हती. बाहेरच्या कुणाला तरी निर्णय फिरवता येतो का, याची ती चौकशी करीत होती. मावशीचा पाऊस तीही शोधत होती. मी तिला किल्ल्याची गोष्ट तर्काला धरून सांगितली आणि नळीचीही तशीच.

पुढचे घरात घडले ते वहिनीच्या एका वाक्याने. केंद्रात कुणी तरी पुन्हा बऱ्हाणपुराचा विषय काढला आणि ती म्हणाली, “राहू द्या माय, मेले ते, मले माहीत हाये.” आईला कुणाचे नाव विचारावे लागले नाही. त्या संध्याकाळी मी घरात पाऊल टाकले तेव्हा चूल पेटलेली नव्हती आणि भाऊ दारात उभा होता.

“तुले शिकोलं, म्हून तू घर मोडाले बसली काय?” आई म्हणाली.

मी उभ्या उभ्याच उत्तर दिले. गोष्ट ऐकल्याने रक्त फुटत नाही. आकडा गोष्टीच्या आधीच चढलेला होता. मंगळवारची नोंद आहे, हवी तर दाखवते. मग फुटते कशाने, असे तिने विचारले आणि मी तेही सांगितले. निगेटिव्ह बायको, पॉझिटिव्ह नवरा. यात दोष कुणाचाच नाही, हे मी दोनदा म्हणाले, पण ते कुणी ऐकले असे वाटत नाही. भावाने एकदा स्वतःच्या हातांकडे पाहिले, सायकल काढली आणि त्याच पावली आंजीला निघून गेला. तो आठवडाभर शेतावरच्या झोपडीत राहिला.

“माह्या पोराच्या रक्तानं त्याचेच लेकरं मरतात, असं तू चारचौघात सांगत फिरशीन?” आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “त्यापक्षा पुस्तकच बरं.”

त्या दिवशी मला ते अडाणीपणाचे वाटले. माझे कारण खरे होते, पण ते घरातल्या एका माणसावर जाऊन थांबत होते. तिचे कारण खोटे होते, पण ते कपाटातल्या एका पुस्तकावर थांबत होते, आणि पुस्तक कुणाचा मुलगा नव्हते. माझ्या खऱ्या कारणाने वहिनीचे काहीच हलके झाले नाही आणि भावाचे मात्र फार जड झाले. पुढे अनेक वर्षे तो थोरलीला उचलून घेताना क्षणभर थांबत असे, आणि ते पाहून मी मान फिरवत असे.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कळा आणून बाळंतपण करवले. मुलगी झाली. नाळेतल्या रक्ताची तपासणी मीच केली. रक्त पॉझिटिव्ह, हिमोग्लोबिनचे प्रमाण साधारण असायला हवे त्याच्या निम्मे, आणि फुटलेल्या पेशींपासून तयार होणारे पिवळे द्रव्य, बिलिरुबिन, जन्मतःच सहा. शंभर मिलिलिटरमध्ये ते वीस मिलिग्रॅमच्या पुढे गेले की मेंदूत उतरू लागते. वहिनीला मी हा वीसचा आकडा आधीच सांगून ठेवला होता, आणि तिने नंतर दुसरे काही विचारले नाही. मी वॉर्डात शिरले की ती पडल्या पडल्या एकच शब्द म्हणे: “किती?”

पहिल्या दिवशी रक्त बदलण्यासाठी दोन बाटल्या लागल्या. एक वसतिगृहातल्या एका विद्यार्थ्याची. दुसरी आईची. घरात ओ निगेटिव्ह एकटी आईच होती, हे मला वर्षभरापूर्वीपासून माहीत होते, कारण शिकत असताना सरावासाठी मी घरातल्या सर्वांची बोटे टोचली होती. तिच्याकडे रक्त मागायला मी गेले तेव्हा ती वऱ्हांड्यात भिंतीला टेकून बसली होती. ज्या स्पष्टीकरणाला ती घरात जागा देत नव्हती, त्याच स्पष्टीकरणाच्या आधारावर मी तिचा हात मागत होते. तिने बांगड्या कोपराकडे सारल्या आणि उठली.

तिचे रक्त घेण्याआधी त्यात प्रतिपिंडे नाहीत ना हे पाहणे आवश्यक होते. असती तर ते रक्त बाळाला विषच ठरले असते. मी नळ्या लावल्या. पहिल्या नळीत गुठळी नाही. दुसरीत नाही. कुठेच नाही. मी पुन्हा लावल्या, कारण हा निकाल मला समजत नव्हता. आई निगेटिव्ह. बाबा पॉझिटिव्ह. भाऊ आणि मी, दोघेही पॉझिटिव्ह, तिच्याच पोटातून आलेले. तेच कच्चे दगड, तोच नेम, तीच तोफ; आणि ती उडालीच नव्हती. असे होते, हे पुस्तकात होते. काही बायकांच्या शरीरात प्रतिपिंडे तयारच होत नाहीत. कधी त्याला इतर रक्तगटांचे कारण असते, कधी सांगता येईल असे काहीच कारण नसते. मी ते परीक्षेत लिहिलेही होते आणि गुण मिळवले होते.

त्या दुपारी प्रयोगशाळेतल्या उंच स्टुलावर बसून मी प्रथमच माझे केंद्रातले उत्तर चुकीचे मानले. पाऊस बाहेरून आणावा लागतो, बेरजेत बसत नाही, असे मी त्या बायकांना ऐकवले होते. प्रत्यक्षात तो पडतो. आमच्या घरावर पडला होता. त्याच्यामुळे मी जिवंत होते, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. बुरूज पडणे कारणांतून निघत होते हे खरे, पण त्याच कारणांतून न पडणेही निघू शकले असते, आणि लिहिणाऱ्याने दोहोंतले एक निवडले होते. मावशी तेवढेच तर म्हणत होती. फरक इतकाच की वहिनीच्या बाबतीत निवडणारे कुणी नव्हते, ज्याच्या बापाचे काय जात होते असे विचारता आले असते.

रक्त बदलल्यावर आकडा चौदावरून आठवर आला. वहिनी त्या दिवशी जेवली. आईने शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगितले की नातीचे नाक आमच्याकडचे आहे. मी संध्याकाळी घरी जाऊन आंघोळ केली आणि पुण्याहून आलेले मुलाखतीचे पत्र पहिल्यांदा नीट वाचले. मुलाखत त्याच आठवड्यात होती. गाडीच्या वेळाही मी पाहून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी आकडा पुन्हा चढू लागला. हेही अपेक्षित होते. शरीराच्या इतर भागांत मुरलेले द्रव्य रक्तात परत येते. दुसऱ्यांदा रक्त बदलायचे ठरले. विद्यार्थी संक्रांतीसाठी आधीच गावी निघून गेला होता, आणि एकदा दिल्यावर त्याचे इतक्यात घेताही आले नसते. भाऊ बर्फाचा डबा घेऊन नागपूरच्या बसमध्ये बसला. सगळीकडे विचारून तो दिवस मावळायच्या आत परतला. डब्यातल्या बर्फाचे पाणी झाले होते. तो ते रुग्णालयाच्या बागेत ओतून आला आणि डबा घासून ठेवला.

आई डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसून राहिली. माझे अजून घ्या, एवढेच ती म्हणत होती. डॉक्टर नाही म्हणाले. तिचे स्वतःचे रक्त आधीच कमी होते. ती मग माझ्याकडे आली.

“तू काढ,” ती म्हणाली. “तुले येते ना?”

मला येत होते. मी तिला जवळ घेऊन बसले आणि काढले नाही.

सतरा. मग एकवीस. एकवीस सांगितल्यावर वहिनीने मान वळवली, पण पुढच्या वेळीही ‘किती’ म्हणून विचारलेच. मावशी आणि वाचणारी दुपारी येऊन गेल्या. कुणी पुस्तकाचे नाव काढले नाही. वाचणारीने स्वतःच्या सुताची एक गुंडी उशाशी ठेवली, वहिनीचा बुडालेला वाटा म्हणून. बाळ दूध ओढेनासे झाले होते. रडणे बारीक आणि उंच झाले होते, आणि तिची पाठ मागे वाकू लागली होती. द्रव्य मेंदूत उतरल्याची ही खूण वॉर्डात फक्त डॉक्टरांना आणि मला कळत होती. मुलाखतीची तारीख त्या दिवशी सकाळी उलटून गेली.

टाचेतून घेतलेले रक्त माझ्याकडे आले तेव्हा उन्हे खिडकीतून टेबलावर आली होती. मी तपासणी केली. मग मोजण्यात चूक झाली असेल अशा आशेने, उरलेल्या थेंबांवर, ती पुन्हा केली. दोन्ही वेळा उत्तर एकच आले. डॉक्टरांनी निरोप पाठवला होता की आता तिला पुन्हा टोचू नका. मी नोंदवही उघडली. तिचे अजून नाव ठेवलेले नव्हते, म्हणून वहिनीच्या नावापुढे ‘ची मुलगी’ असे लिहिले, आणि त्यापुढे २६.४.